कात्रीखालचा कागद

मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरी पास झालो असं म्हणत नाही, तिसरीच्या वर्गात बसलो एवढं खरं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चाळीस वर्षं सिनेमात कामं केली, पण ही गोष्ट तिथं कुणाला कळू दिली नाही. बायकोला माहीत होती, आणि ती सांगणारी नव्हती.

सिनेमात मी आलो तो वर्दी अंगाला बसली म्हणून. पुण्यात तेव्हा स्टुडिओ होते आणि मी तिथं सेटवर सुतारकाम करायचो. दारं, खिडक्या, देवळाचे खांब, कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा. एकदा हवालदाराचं काम करणारा नट आलाच नाही. वर्दी त्याच्या मापाची शिवून तयार. दिग्दर्शकानं सेटवरच्या सगळ्यांकडे एक नजर फिरवली आणि मला म्हणाला, "ए सुतार, रंधा खाली ठेव आणि हा डगला घालून बघ." डगला बसला. बाह्यासुद्धा बरोबर आल्या. त्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर म्हणालो, "साहेब, आरोपी पळाला." एवढंच वाक्य. पण एका दमात, न अडखळता. मग पुढची बरीच वर्षं माझ्या हातून आरोपी पळतच राहिले.

मी हवालदार झालो, जेलचा वॉर्डर झालो, कचेरीतला पट्टेवाला झालो, दोनदा नवरीचा मामा झालो. साहेब कधी झालो नाही. पडद्यावर सुरुवातीला नावं येतात, त्यात माझं कधी यायचं, कधी नाही. नाही आलं की समजायचं, आपण 'आणि इतर' मध्ये आहोत. त्या 'इतर' मध्ये मी बरीच वर्षं काढली. पण लोक चेहरा विसरत नाहीत. बिबवेवाडीत भाजीवाली अजून मला हवालदार म्हणते. सिग्नलवरचे खरे हवालदार मला बघून हसतात आणि जाऊ देतात. माझ्याकडे गाडी नाही, तो भाग वेगळा.

आता पाठांतराचं. माझं नाव होतं पाठांतरासाठी. वाक्य विसरलो म्हणून माझा दुसरा टेक कधी झाला नाही. मोठे मोठे नट तीन तीनदा चुकायचे, आणि मी दाराशी काठी घेऊन उभा राहून त्यांची वाक्यंसुद्धा मनात म्हणायचो. लोकांना वाटे, हा माणूस घरी रात्रंदिवस वाचत बसत असेल. मी वाचत नव्हतो. वाचायची ती.

आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर वस्तीतल्या विहारात बायकांचा लिहायवाचायचा वर्ग सुरू झाला. माझी बायको त्या वर्गात शिकली आणि पुढं स्वतःच्या हिमतीनं सातवीची परीक्षा दिली. मलाही पुरुषांच्या वर्गाला जा म्हणाले होते. मी गेलो नाही. सुताराला मापं कळली की बस, असं म्हणालो. तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो आणि लहान पोरांच्या पाटीवर आ काढायची लाज वाटत होती. 'शिका' हे आमच्याकडे घराघराच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तेवढं मला वाचता येतं.

बायको ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. मी संवादाचे कागद आणले की ती ते मशीनच्या टेबलावर ठेवायची आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून वर कात्री ठेवायची. शिवता शिवता एकेक ओळ मोठ्यानं वाचायची. मी पलंगावर बसून ऐकायचो आणि म्हणायचो. काजाच्या ठिकाणी ती थांबायची. बाही फिरवताना थांबायची. दोरा तुटला की दातानं टोक सरळ करायची, तोवर वाक्य अर्धं लटकत राहायचं. मी सगळं कानानं पाठ करत असल्यामुळे ते थांबेसुद्धा माझ्या पाठांतरात जायचे. तिनं जसं वाचलं तसंच मी कॅमेऱ्यासमोर बोलायचो. मला दुसऱ्या पद्धतीनं येतच नव्हतं.

एका सिनेमात माझा हवालदार एका म्हातारीला तिच्या मुलाची वाईट बातमी सांगायला जातो. "आजी, तुमचा मुलगा," एवढं म्हणतो, बराच वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, "आता यायचा नाही." त्या गप्प राहण्याबद्दल पेपरात छापून आलं. पेपरवाल्यानं लिहिलं होतं की या नटाला शांततेचं मोल कळतं. बायकोनंच मला ते वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर तिनं पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, "तिथं माझी बॉबिन संपली होती."

"कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी कशाला सांगते? शांततेचं मोल मलाही कळतं."

पुढं दिवस बदलले. घरोघरी केबल आली, टॉकीजमध्ये उंदीर फिरायला लागले. ज्या स्टुडिओत मी पिंजरे बनवले, तिथं फ्लॅट झाले. मुलानं डिप्लोमा केला, सदाशिव पेठेत कॉम्प्युटरचा क्लास केला आणि हिंजवडीत नोकरीला लागला. तिथलीच मुलगी त्यानं केली. सूनबाई इंग्रजी शाळेतली. मराठी चांगलं बोलते, पण मराठी पाटी वाचायला लागली की तीही माझ्यासारखीच एकेका अक्षरावर पाय ठेवत जाते. हे मला तेव्हा मनातून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग बायको गेली. दोन महिने दवाखान्यात होती. मशीनवर मी चादर टाकली.

त्यानंतर मी कामं नाकारायला लागलो. एक-दोन वाक्यांचं असेल तर सेटवर कुणाच्या तरी तोंडून ऐकून निभावून न्यायचो. मोठं काम आलं, की "भूमिका पटली नाही" असं सांगायचो. लोक म्हणायला लागले, म्हातारपणी याला शिंगं फुटली. म्हणू दिलं. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा माजलाय म्हणलेलं परवडलं.

अशात एक मुलगा घरी आला. कंपनीतली इंजिनियरची चांगली नोकरी सोडून सिनेमा काढायला निघालेला. तीस-बत्तीस वर्षांचा असेल. मला वाकून नमस्कार केला आणि सर म्हणाला. मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं.

"सर, तुमचा तो म्हातारीच्या घरातला सीन मी कॉम्प्युटरवर शंभर वेळा पाहिलाय," तो म्हणाला. "तो पॉज. तुम्ही तो काढता कसा?"

"सरावानं," मी म्हणालो.

त्याच्या सिनेमात एक निवृत्त हवालदार होता. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून त्यानं फार पूर्वी एक खोटा पंचनामा लिहिलेला असतो, आणि म्हातारपणी तो स्वतःहून कोर्टात येऊन खरं काय ते सांगतो. तीन पानांचं एकट्याचं बोलणं. पिंजऱ्यात उभं राहून.

मी आयुष्यभर कोर्टाच्या सीनमध्ये दाराशी उभा होतो. पिंजरे स्वतःच्या हातानं बनवले होते. आत उभा राहून बोललो कधीच नव्हतो. वाचायला कोण आहे याचा विचार न करता मी हो म्हणालो. तो गेल्यावर विचार केला.

चार दिवसांनी कागद आले. छापील, स्वच्छ. उघडून बघितले तर सगळं इंग्रजी. सूनबाईला दाखवले, ती म्हणाली, "इंग्रजी नाही बाबा, मराठीच आहे. अक्षरं इंग्रजी आहेत. आता सगळे असंच लिहितात, पटकन होतं."

म्हणजे मराठीत सावकाश का होईना, बोट ठेवून मी दोन ओळी काढल्या असत्या, तीही वाट बंद. आमचा मुलगा तेव्हा कंपनीच्या कामानं अमेरिकेत होता. घरात मी आणि सूनबाई दोघंच.

"जरा वाचून दाखव," मी म्हणालो. "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"मागच्याच महिन्यात मी तुम्हाला नेलं होतं ना? डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे."

"डॉक्टरला काय कळतंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं. हुशार पोरगी आहे. पुढं काही विचारलं नाही. म्हणाली, "माझी कॅब येईल इतक्यात. मी मोबाईलमध्ये टेप करून ठेवते. तुम्ही हवं तितक्या वेळा ऐका."

उभ्या उभ्या, एका हातात डबा धरून तिनं ती तीन पानं वाचली. तिसऱ्या पानावर खाली कॅबचा हॉर्न वाजला, तोही टेपमध्ये आला. तिनं घरातला जुना मोबाईल मला दिला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं.

मी तो मशीनच्या टेबलावर ठेवून ऐकायला लागलो. सहा दिवस ऐकला. सूनबाई कुठं थांबतच नव्हती. पाण्याच्या नळासारखं एका धारेनं. माझं पाठांतर झालं, पण ते सपाट झालं. आणि एका ओळीवर मन अडत होतं. हवालदार सांगत असतो की पंचनामा मी लिहिला, पाहिलं एक आणि लिहिलं दुसरंच. आणि लगेच पुढं म्हणतो, "साहेब, खोटं लिहिणारा मी पाहिला नाही." आत्ताच तर कबुली दिली, मग हे काय? सूनबाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पुढचं मागचं वाचून बघा. दिग्दर्शकाला विचारलं असतं तर तोही तेच म्हणाला असता. म्हणून मी विचारलं नाही. मीच त्याचा अर्थ लावला. म्हटलं, माणूस स्वतःचं पाप कबूल करतो पण खात्याची अब्रू जाऊ देत नाही. माझ्याशिवाय खोटं लिहिणारा कुणी बघितला नाही, असं तो छाती काढून सांगतो. चाळीस वर्षं हवालदार होतो मी. मला ते पटलं.

शूटिंग कोथरूडमधल्या एका जुन्या हॉलमध्ये होतं. कोर्टाचा सेट लावला होता. पिंजरा प्लायवूडचा. कठड्यावर हात ठेवला तर हलला. मी सेटवाल्याला म्हणालो, "आतून एक पट्टी मारा, नाहीतर साक्षीदार पडेल." तो म्हणाला, "फ्रेममध्ये दिसत नाही, काका." आमच्या वेळेला दिसत नसलं तरी पट्टी मारायचो.

पहिला टेक सुरू झाला. दोन पानं नीट गेली. मग ती ओळ आली. मी छाती पुढं काढली, न्यायाधीशाकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणालो, "साहेब, खोटं लिहिणारा मी पाहिला नाही."

"कट," दिग्दर्शक म्हणाला. जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, पहिला. खोटं लिहिणारा मी पहिला नाही. म्हणजे माझ्या आधीही लिहिणारे होते. आणि पुढं, पण येऊन सांगणारा कदाचित पहिला असेन."

पहिला आणि पाहिला इंग्रजी अक्षरांत सारखेच लिहितात, हे मला त्या दिवशी कळलं. एका कान्यानं सहा दिवसांची मेहनत पाण्यात.

पण माझा स्वभाव. मी म्हणालो, "हवालदार असंच बोलेल. खात्याची बाजू घेईल."

"पण सर, मग पुढच्या वाक्याला काही अर्थच राहत नाही."

"पुढचं वाक्य बदला."

सेटवर वीस-पंचवीस माणसं होती. सगळी आमच्याकडे बघत होती. तो मुलगा चिडला नाही. त्यानं कागद माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "सर, एकदा सलग वाचून बघा ना. वरपासून."

मी कागद हातात घेतला. चाळीस वर्षं जे बोललो तेच तोंडात आलं. "चष्मा घरी राहिला."

त्यानं माझ्या छातीकडे पाहिलं. चष्मा वर्दीच्या खिशात होता. काड्या बाहेर दिसत होत्या.

तेव्हा दोन रस्ते होते. भूमिका पटली नाही असं म्हणून वर्दी उतरवायची आणि रिक्षा करून घरी जायचं. मी पिंजऱ्याचं दार उघडलंसुद्धा. बिजागरी उलटी बसवली होती, दार आतल्या बाजूला उघडलं आणि माझ्याच गुडघ्याला लागलं. मी तिथंच उभा राहिलो. पिंजऱ्यात उभं राहून खरं सांगायचं काम करायला आलो होतो आणि चष्मा खिशात ठेवून खोटं बोलत होतो. हे माझं मलाच बरं वाटलं नाही.

"मला ही अक्षरं येत नाहीत," मी म्हणालो. "मराठीसुद्धा बोट ठेवून वाचतो. आजवर बायको वाचून दाखवायची. आता ती नाही."

मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. लाइटवाल्यानं एक दिवा बंद केला, एवढंच.

दिग्दर्शकानं माझ्या हातातला कागद परत घेतला. मग म्हणाला, "सर, खरं सांगू का? मला मराठी टाइप करता येत नाही. हातानं लिहूनही दहा वर्षं झाली."

"मग मराठी सिनेमा कशाला काढताय?"

"म्हणूनच काढतोय."

उत्तर मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

त्यानं त्या दिवशी दुसरे सीन घेतले. मधल्या वेळात हॉलच्या पायरीवर बसून माझी तीन पानं हातानं, मोठ्या अक्षरात लिहून काढली. ती माझ्या हातात दिली तेव्हा मला आधी रागच आला. अक्षरं पाटीवर गिरवायला द्यावीत तेवढी मोठी होती. पण घेतली. "उद्या सकाळी," तो म्हणाला.

दुपारी घरी आलो. मशीनवरची चादर काढली, टेबलावर कागद ठेवले आणि वाचायला बसलो. बोट ठेवून, एकेक अक्षर. जोडाक्षर आलं की थांबायचं, दोन्ही बाजूंनी बघायचं, फोडायचं आणि पुढं जायचं. एक पान व्हायला तासाच्या वर गेला. त्याचं मराठी काही धड नव्हतं. साक्ष मधला क्ष त्यानं 'क्श' असा लिहिला होता. 'शपथ' मध्ये शहामृगाच्या श ऐवजी षटकोनाचा ष. तिसरीत बसलेल्या माणसाला इंजिनियरच्या चुका सापडत होत्या. खोटं बोलत नाही, मजा आली. पेन्सिलीनं मी त्या सुधारल्या.

पहिला मात्र त्यानं बरोबर लिहिला होता. खाली दोन रेघासुद्धा मारल्या होत्या.

दिवेलागणीला सूनबाई आली. मला तसं बोट ठेवून बसलेलं तिनं दारातूनच पाहिलं. चपला काढल्या, पर्स ठेवली, जवळ येऊन कागद बघितले.

"काय झालं शूटिंगचं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, चष्म्यासकट.

"म्हणजे माझ्यामुळे चुकलात तुम्ही," ती म्हणाली. "मी घाईत वाचलं."

"तू नाही चुकलीस. मी विचारायला पाहिजे होतं."

"मग का नाही विचारलंत?"

"चहा टाक," मी म्हणालो.

ती हसली आणि चहा टाकायला गेली. आतूनच म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. चष्म्याचं. आईंनी दवाखान्यात असताना सांगितलं होतं. म्हणाल्या, ते स्वतःहून सांगतील तेव्हाच तुला कळलं असं दाखव."

म्हणजे ती सांगणारी नव्हती, हे जे मी सुरुवातीला सांगितलं, ते तंतोतंत खरं नाही. सेटवर नाही सांगितलं, घरात सांगितलं. ते मागं घेत नाही. मला जेव्हा कळलं, तेव्हाच ते सांगितलं पाहिजे.

चहा घेताना मी सूनबाईला मशीनचं सांगितलं. काजं, बाह्या, दोरा, संपलेली बॉबिन. तिनं मशीनचं चाक हातानं फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे ज्या पॉजसाठी तो दिग्दर्शक तुमच्याकडे आला, तो आईंचा."

"बॉबिनचा," मी म्हणालो.

पंखा लावला तसे कागद उडायला लागले. तिनं ड्रॉवरमधून कात्री काढली आणि वर ठेवली. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. कागद उडत होते आणि कात्री हाताशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टेकला झालं. पिंजऱ्याला मी आधी स्वतः पट्टी मारून घेतली, बिजागरीही फिरवली, सेटवाला बघत राहिला. मग उभा राहिलो. ती ओळ आली. "साहेब, खोटं लिहिणारा मी पहिला नाही." ठणकावून नाही म्हणालो. म्हणून झालं आणि मी थांबलो. किती वेळ, सांगता येत नाही. मग म्हणालो, "पण येऊन सांगणारा कदाचित पहिला असेन."

दिग्दर्शक कट म्हणायचा विसरला. नंतर त्यानं विचारलं, आज इतका वेळ का थांबलात. तिथं कुणी बाही फिरवत नव्हतं, कुणाचा दोरा तुटला नव्हता. काल दुपारी वाचताना त्या ओळीवर माझं बोट थांबलं होतं, तेवढंच. हे त्याला सांगत बसलो नाही. सरावानं, म्हणालो.

सिनेमा आला आणि दोन आठवड्यांत गेला. सुरुवातीला नावं इंग्रजीत होती आणि भराभर सरकत होती. सूनबाईनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "आलं, बाबा. एकट्याचं आलं." मला ते ओळखता आलं नाही, पण तिनं वाचलं म्हणजे आलं असणार. कोर्टाचा सीन लागला तेव्हा मात्र मी नीट बघितला. माझी ओळ झाली आणि टॉकीजमध्ये कुणीही खोकलं नाही. तो थांबा बायकोला ऐकवायला हवा होता. ती म्हणाली असती, बॉबिन भरून ठेवायला विसरलात वाटतं.